राउटरवर क्यूओएस: आधी रांग ताब्यात घ्या, मग प्राधान्य ठरवा

प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्टमध्ये तेवढा वेग दिसतोही. तरी घरात कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटतो. अशा वेळी बहुतेकदा वेग कमी पडलेला नसतो, पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत अडकलेली असतात. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि वाटेतल्या उपकरणात १ एमबीचा बफर (थांबलेली पॅकेटं साठवायची जागा) आहे. तो भरला की पुढचं प्रत्येक पॅकेट सुमारे ०.८ सेकंद थांबतं. कॉलला १ ते ३ एमबीपीएस पुरतात, पण हा उशीर सोसत नाही. याला बफरब्लोट म्हणतात.

ही रांग लागते ओएनटीमध्ये (फायबरची तार येते त्या डब्यात), मोडेममध्ये किंवा कंपनीच्या टोकाला, म्हणजे तुमच्या राउटरच्या बाहेर. म्हणूनच राउटरच्या मेनूत लॅपटॉपला नुसतं ‘हाय प्रायोरिटी’ देऊन काही होत नाही. राउटरकडे रांगच नसेल तर तो पुढे कुणाला काढणार? लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी वेग राउटरवर बांधून घेतला की रांग राउटरमध्ये येते आणि तिथे तिची शिस्त लावता येते. क्यूओएस म्हणजे कोणत्या वाहतुकीला आधी वाट द्यायची याचं नियोजन, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

यासाठी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर बसवता येणाऱ्या मोफत प्रणालीतलं एसक्यूएम, म्हणजे रांग सांभाळणारं साधन, आणि त्यातली ‘केक’ ही रांगपद्धत वापरावी. केक २०१८ मध्ये लिनक्स कर्नल ४.१९ मध्ये दाखल झाली. घरगुती राउटरसाठी मोफत मिळणारं यापेक्षा चांगलं काही सुचवता येत नाही.

आधी मोजमाप

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वायफायवर मोजू नका. बाकीची उपकरणं बंद ठेवून सकाळी आणि रात्री ९–१०च्या गर्दीत दोन-तीनदा स्पीड टेस्ट करा आणि सर्वांत कमी आलेला आकडा धरा. राउटरचा वॅन पोर्टच (इंटरनेटची तार लागते ती जागा) १०० एमबीपीएसचा असेल तर प्लॅन कितीही मोठा असो, ९४–९५च्या वर आकडा जाणार नाही. मग एका खिडकीत ८.८.८.८ या पत्त्यावर पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवून दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करा. रिकाम्या लाइनवर ८ मिलिसेकंद असलेला पिंग २००–३०० वर गेला, तर दुखणं हेच आहे.

एसक्यूएम बसवणं

लूसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंगच्या पानावर) सिस्टिम, सॉफ्टवेअर इथे जाऊन पॅकेजची यादी अपडेट करा आणि ‘लूसी-अ‍ॅप-एसक्यूएम’ बसवा. मग नेटवर्क मेनूत ‘एसक्यूएम क्यूओएस’ दिसेल. इंटरफेस म्हणून वॅन निवडा. बीएसएनएल फायबरसारखं पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं) कनेक्शन राउटरच स्वतः डायल करत असेल तर पीपीपीओई-वॅन घ्या. लॅन (घरातली बाजू) किंवा ब्रिज निवडू नका.

वेगाचा आकडा किलोबिटमध्ये भरायचा असतो आणि गडबड इथेच होते. मोजलेला वेग ९६ एमबीपीएस असेल तर त्याचे ९० टक्के, म्हणजे साधारण ८६००० लिहा. नुसतं ८६ लिहिलंत तर इंटरनेट बंद पडल्यासारखंच वाटेल. ० लिहिलं तर त्या दिशेचं नियंत्रणच बंद होतं. डाउनलोड आणि अपलोडचे आकडे वेगवेगळे भरा.

क्यू डिसिप्लिनमध्ये ‘केक’ आणि स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’ ठेवा. लिंक लेयरमध्ये इथरनेट निवडून ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागे धरायचे जादा बाइट) ४४ द्या. फायबरवर हा आकडा थोडा जास्तच आहे, पण जास्त धरल्याने वेग किंचित कमी होतो, तर कमी धरल्यास लहान पॅकेटांच्या गर्दीत रांग पुन्हा बाहेर सरकते.

घरात माणसं जास्त असतील तर अ‍ॅडव्हान्स्ड रकान्यांत आणखी एक भर घाला: जाणाऱ्या बाजूला ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ (nat dual-srchost), येणाऱ्या बाजूला ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’ (nat dual-dsthost), दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत. वॅनवर पोचेपर्यंत सगळ्या उपकरणांचा पत्ता एकच झालेला असतो. ‘नॅट’ लिहिलं की केक मूळ उपकरण ओळखते आणि लाइन उपकरणांमध्ये समान वाटते. मग एकाच लॅपटॉपवरच्या टोरंटची पन्नास कनेक्शनं सगळी लाइन खाऊ शकत नाहीत. बऱ्याच घरांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो, प्राधान्याचे नियम लिहायची वेळच येत नाही.

शेवटी नेटवर्क, फायरवॉल इथे जाऊन फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटं झटपट पुढे सारणारा आडमार्ग) बंद करा, सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर दोन्ही. ते चालू राहिलं तर पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जाऊ शकतात. ‘सगळं बरोबर भरलं तरी फरक नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा.

प्राधान्य द्यायचंच असेल तर

कॉल वर आणण्यापेक्षा अवजड वाहतूक खाली ढकलणं सोपं असतं. सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग किंवा नॅसचा (घरातल्या नेटवर्कवरच्या साठवण-उपकरणाचा) बॅकअप यांचे नियम एका ओळीत होतात. त्यासाठी स्क्रिप्ट बदलून ‘लेयर केक’ घ्या, कारण ‘पीस ऑफ केक’ पॅकेटांवरच्या प्राधान्याच्या खुणा पाहतच नाही. मग फायरवॉलच्या ट्रॅफिक रूल्समध्ये लॅनकडून वॅनकडे असा नियम करा, कृती ‘डीएससीपी क्लासिफिकेशन’ निवडा आणि खूण सीएस१, म्हणजे खालच्या प्राधान्याची, द्या. इंटरनेट फोनच्या उपकरणाला मात्र ईएफ (४६), म्हणजे वरच्या प्राधान्याची खूण, द्यायला हरकत नाही.

नियम आयपीवर न लिहिता मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या स्वतःच्या हार्डवेअर-क्रमांकावर) लिहा. आयपीव्ही४ पत्त्यावरचा नियम आयपीव्ही६च्या वाहतुकीला लागूच होत नाही, आणि आता बरीच वाहतूक आयपीव्ही६वरून जाते. नियम फोनसाठी असेल तर त्या फोनमध्ये घरच्या वायफायपुरता बदलता मॅक पत्ता बंद करा, नाहीतर पत्ता बदलला की नियम निकामी होतो. फायरवॉलच्या या खुणा अपलोडपुरत्याच चालतात. डाउनलोडची पॅकेटं फायरवॉलपर्यंत पोचण्याआधीच एसक्यूएममधून गेलेली असतात, तिथे समान वाटणीवरच भागवायचं.

पुन्हा तपासा

तीच पिंग-अपलोड चाचणी करा. भार असताना पिंग ५ ते १५ मिलिसेकंदांनी वाढला तर उत्तम. जास्त वाढत असेल तर त्या दिशेचा आकडा पाच-पाच टक्क्यांनी उतरवा, आणि पिंग स्थिर असेल तर तसाच हळूहळू चढवा. पिंग चांगला पण वेग भरलेल्या आकड्याच्या निम्माच, असं दिसलं तर राउटरचा प्रोसेसर दमलाय. जुने एक-कोअरचे राउटर एसक्यूएमसह शे-दोनशे एमबीपीएसच्या पुढे सहसा जात नाहीत. केबलवर सगळं ठीक पण आतल्या खोलीत कॉल तुटतो, तर अडचण वायफायची आहे. तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा, एसक्यूएमचे आकडे बदलू नका.

आपल्याकडच्या प्लॅनमध्ये आणखी एक अडचण येते. महिन्याचा डेटा संपला की कंपनी वेग २ किंवा ४ एमबीपीएसवर आणते. एसक्यूएममध्ये ८६००० तसंच राहिलं तर रांग पुन्हा कंपनीच्या टोकाला जाते आणि सगळी मांडणी निरुपयोगी ठरते. तेवढ्या दिवसांसाठी आकडे १८०० किंवा ३६०० करा. इतक्या कमी वेगातसुद्धा एखादा आवाजाचा कॉल नीट चालतो.

ओपनडब्ल्यूआरटी चालत नसलेल्या राउटरवरही हाच क्रम ठेवा: क्यूओएस पानावरच्या एकूण बँडविड्थच्या रकान्यात प्लॅनचा आकडा न भरता मोजलेल्या वेगाचे ९० टक्के भरा, आणि उपकरणांची प्राधान्ययादी त्यानंतर करा.