कापडापासून सक्रिय कार्बनतंतू बनवताना या चुका टाळा

सुती किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या धाग्याच्या) कापडापासून सक्रिय कार्बनचे, म्हणजे असंख्य सूक्ष्म छिद्रांमुळे वायू व इतर पदार्थ शोषून धरणारे, कापड बनवण्याचा प्रयत्न फसला, की त्याचे खापर बहुधा शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून छिद्रे पाडण्याच्या क्रियेवर (सक्रियणावर) फोडले जाते. प्रत्यक्षात, कापडाऐवजी भुगा हाती येण्याचे कारण पुष्कळदा ४०० अंशांच्या आतच घडून गेलेले असते.

त्याआधी कापडाची निवड. टेरिकॉटमधील पॉलिस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळते, सुती धाग्यांमधील मोकळी जागा बुजवते आणि शेवटी कडक, ठिसूळ पापुद्रा उरतो. शिवणीचा दोरासुद्धा पॉलिस्टरचा असू शकतो, हे सहसा लक्षात येत नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे कोरे कापड शुद्ध सुती असले, तरी त्याच्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ लावलेली असते, आणि ती पूर्ण न काढल्यास पुढे वापरायचे क्षारद्रावण सर्वत्र सारखे मुरत नाही. सोड्यात उकळल्यानंतर कापड खनिजमुक्त पाण्याने नीट धुवावे, कारण उरलेले सोडियम कार्बन जाळणाऱ्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरते आणि कापडाला जागोजागी भोके पडतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कोणताही क्षार न मुरवता कापड भराभर तापवणे. सुती व व्हिस्कोस तंतूंचा मुख्य घटक असलेल्या सेल्युलोजमध्ये वजनाने सुमारे ४४ टक्के कार्बन असतो. परंतु अशा घाईत त्यातील मोठा भाग लेव्होग्लुकोसान (सेल्युलोज तुटून बनणारे शर्करेसारखे संयुग) आणि डांबरी वाफांच्या रूपाने निघून जातो. डायअमोनियम फॉस्फेटसारखा क्षार मुरवून कापड वाळवले असेल, तर सेल्युलोजमधील हायड्रोजन व ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या रूपाने बाहेर पडतात आणि कार्बन तंतूतच राहतो. (शेतीतील डीएपी म्हणजे हाच क्षार, मात्र खताच्या दाण्यांत अशुद्धी असतात, म्हणून तो येथे वापरू नये.) २०० ते ३५० अंशांदरम्यान तापमान मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा जलद वाढवू नये. या काळात कापड बरेच आकसते, त्यामुळे ते चारही बाजूंनी घट्ट आवळल्यास फाटते. हवा दूर ठेवण्यासाठी भट्टीतून सोडलेल्या नायट्रोजनचा प्रवाह मंद पडला, तर डांबर तंतूंवरच बसून त्यांना एकमेकांना चिकटवते.

सक्रियणाचा वेळ वाढवत नेल्याने पृष्ठफळ (छिद्रांच्या आतील पृष्ठभागासह एकूण क्षेत्रफळ) वाढतच राहील, ही समजूतही चुकीची आहे. एका मर्यादेनंतर शेजारची छिद्रे एकमेकांत मिसळतात, तंतू बारीक होतात आणि घडी घालताच कापड मोडते. म्हणून दर वेळी वजनातील घट नोंदवावी, पण १०५ अंशांना वाळवून मगच. तयार कापड हवेतील ओल झपाट्याने शोषते, आणि पावसाळ्यात तर न वाळवता केलेल्या वजनावर मुळीच विसंबू नये. बीईटी पद्धतीने (पदार्थ किती वायू शोषतो ते मोजून) पृष्ठफळ काढताना ०.०५ ते ०.३ ही सापेक्ष दाबाची (वायूचा दाब भागिले त्याचा संपृक्त दाब) नेहमीची मर्यादा डोळे झाकून वापरू नये, कारण सूक्ष्मछिद्रांच्या पदार्थासाठी त्याहून कमी दाबाचे बिंदू निवडावे लागतात.

भट्टी बंद केली म्हणजे काम संपत नाही. आतील तापमान १०० अंशांच्या खाली येईपर्यंत नायट्रोजन चालूच ठेवावा, अन्यथा हवा लागताच गरम कापड धुमसू लागते. सक्रियणात तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड विषारी असून त्याला वास नसतो. त्यामुळे भट्टीची निकासनळी खोलीत न सोडता धूरशोषक कपाटात सोडावी आणि खोलीत या वायूचा इशारा देणारे यंत्र बसवावे.