क्रोममधलं यूब्लॉक ओरिजिन बंद पडलं? मग हे करा

क्रोम अपडेट झालं आणि अचानक सगळीकडे जाहिराती दिसायला लागल्या असतील तर कॉम्प्युटर बिघडलेला नाही, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बंद झालंय. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये आणलेलं हे फुकट, ओपन सोर्स एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) मॅनिफेस्ट व्ही२ या एक्स्टेन्शन बनवायच्या जुन्या पद्धतीवर चालायचं, गूगलने २०२४ पासून ती हळूहळू काढायला घेतली आणि २०२५ मध्ये क्रोम १३८ आल्यावर तर परत चालू करायची सोयच राहिली नाही. आधी पान उघडताना ब्राउझर जे काही मागवायचा ती प्रत्येक रिक्वेस्ट एक्स्टेन्शन स्वतः बघून तिथल्या तिथे अडवायचं, आता त्याने नियमांची यादी ब्राउझरला द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. याच नव्या पद्धतीवर हिल यांनीच यूब्लॉक ओरिजिन लाइट बनवलंय.

सगळ्यात आधी, घाईघाईत जुनं रिमूव्ह करू नका, त्यासोबत तुमचे स्वतःचे फिल्टर, म्हणजे काय अडवायचं याचे तुम्ही लिहिलेले नियम पण जातात. एखाद्या मशीनवर ते अजून चालू असेल तर त्याचा डॅशबोर्ड (एक्स्टेन्शनचं स्वतःचं पान) उघडा, सेटिंग्जमध्ये खाली बॅकअपचं बटण आहे, ती फाइल सेव्ह करून ठेवा. बंद पडलेलं असेल तर डॅशबोर्ड उघडत नाही, तिथे काही इलाज नाही.

मग क्रोम वेब स्टोअरवर यूब्लॉक ओरिजिन लाइट शोधा, पण डोळे उघडे ठेवून. नुसतं 'यूब्लॉक' नावाचं जे आहे त्याचा हिल यांच्याशी आता काही संबंध नाही, आणि मिळत्याजुळत्या नावाची इतरही बरीच असतात, म्हणून डेव्हलपरचं नाव बघूनच इन्स्टॉल करा. नंतर वरच्या कोडं-तुकड्याच्या आयकॉनवर जाऊन ते पिन करा, नाहीतर दरवेळी शोधत बसाल.

आता खरं काम. आयकॉनवर क्लिक केलं की एक स्लायडर दिसतो, त्यात फिल्टरिंग बंद, बेसिक, ऑप्टिमल आणि कम्प्लीट असे टप्पे आहेत. बेसिकला साइटचा डेटा वाचायची परवानगी लागत नाही पण जाहिरातीच्या जागी रिकामे चौकोन उरू शकतात, वरच्या दोन टप्प्यांना परवानगी लागते आणि पान जास्त स्वच्छ होतं. माझं मत विचाराल तर सगळीकडे ऑप्टिमल ठेवा आणि एखादी साइट फारच त्रास देत असेल तर फक्त तिथे कम्प्लीट करा. उलट एखादा फॉर्म सबमिट होत नसेल, व्हिडिओ अडकत असेल तर त्याच साइटवर स्लायडर 'फिल्टरिंग बंद'वर आणून बघा, बाकीच्या साइट्सना धक्का लागत नाही. डीफॉल्ट टप्पा आणि फिल्टर लिस्ट गिअरच्या आयकॉनमध्ये बदलता येतात.

एक लक्षात असू द्या, लाइटमधल्या फिल्टर लिस्ट एक्स्टेन्शनच्या अपडेटबरोबरच येतात, जुन्यासारख्या आपल्या आपण ताज्या होत नाहीत, त्यामुळे एखादी नवी जाहिरात चार दिवस दिसली तर वैतागू नका.

नुसत्या जाहिराती घालवायच्या असतील तर लाइट पुरे. पण स्वतःचे फिल्टर लिहिणारे, साइटप्रमाणे स्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) अडवणारे असाल तर सरळ फायरफॉक्स घ्या, तिथे मूळ यूब्लॉक ओरिजिन अजून चालतं. ते इन्स्टॉल करायचं, डॅशबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन रिस्टोअर दाबायचं, मघाची बॅकअप फाइल निवडायची, तुमचे फिल्टर परत.