गच्ची गळली, तेव्हा कलम १४(३) कामी आलं
पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या नव्या रो-हाऊसची गच्ची दुसऱ्याच पावसाळ्यात गळू लागली. बिल्डर म्हणाला, "वॉटरप्रूफिंगवाल्याची दहा वर्षांची गॅरंटी आहे, त्याला विचारा." तो फोनच उचलेना. ठेकेदार गेला की हमीचा कागद नुसता कागदच उरतो.

मग २०१६ चा रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणारा कायदा वाचला. त्याचं कलम १४(३) सांगतं: ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा. फोटो आणि ताबापत्र जोडून स्पीड पोस्टाने पत्र धाडलं. तेविसाव्या दिवशी माणसं आली. वरवर रंग मारू दिला नाही. पॅरापेटलगतचा वाटा (कठडा आणि गच्ची जुळतात तिथला सिमेंटचा गोलवा) आणि पाइपाचं तोंड फोडून नव्याने करवून घेतलं. दोन दिवस गच्चीवर पाणी तुंबवलं. खालचं छत कोरडं राहिलं, तेव्हाच सही केली.