चालत-बोलत थेरपी: या चुका टाळा

ऑगस्ट १९१० मध्ये संगीतकार गुस्ताव माहलर मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांना भेटले, ते दवाखान्यात नव्हे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात दोघं साधारण चार तास चालत, बोलत राहिले. म्हणजे खोलीत बसण्याऐवजी थेरपिस्टबरोबर चालत चालत बोलायची ही कल्पना जुनीच आहे. तरीही दोन-तीन सेशन झाली की 'हे काही आपल्याला जमणार नाही' म्हणून सोडून देणारे बरेच असतात. बहुतेक वेळा थेरपीत खोट नसते. निघण्याआधी जे बोलून घ्यायचं, ते राहून गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेगाचा. मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत निघालात, तर तो व्यायाम झाला. दम लागला की वाक्यं तुटतात, उत्तरं 'हो-नाही'वर येतात. न थांबता एक अख्खं वाक्य बोलता यायला हवं, एवढीच वेगाची कसोटी. वेग तुमचा; जुळवून घ्यायचं थेरपिस्टने. माझ्या थेरपिस्टच्या ढांगा लांब होत्या आणि मी कायम अर्धं पाऊल मागे. 'जरा हळू चालूया का?' एवढं म्हणायला मला तीन सेशन लागली. म्हटल्यावर मात्र त्या दिवशीचा विषयच तो झाला: मला कुणाला थांबवता का येत नाही? आणि हो, पूर्ण थांबलं तरी चालतं. रडू आलं तर एखाद्या बाकावर बसा.

ओळखीचं कुणी भेटलं तर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. थेरपिस्टची ओळख करून द्यायची का, काय म्हणून, की नुसती मान हलवून पुढे जायचं? बाहेर खोलीइतकी गुप्तता मिळत नाही, हे थेरपिस्टने आधीच स्पष्ट सांगून संमती घ्यायला हवी. सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा. ऑफिसशेजारची किंवा घराजवळची बाग शक्यतो नकोच.

रस्ता निवडतानाही गफलत होते. दर दोन मिनिटांनी रहदारी ओलांडायची असेल तर बोलण्याचा धागा राहत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना ९० मिनिटं चालायला लावलं. झाडाझुडपांतून चालून आलेल्यांच्या मनात घोळत राहणारे नकारात्मक विचार कमी झाले, वाहत्या रस्त्याकडेने चाललेल्यांचे नाही. ती थेरपी नव्हती, नुसतं चालणं होतं. पण जागा निवडायला एवढं पुरे. वाट ओळखीची, शक्यतो गोल फिरून परत आणणारी असावी. सरळ असेल तर ५० मिनिटांच्या सेशनमध्ये पंचविसाव्या मिनिटाला मागे वळा. परतीच्या शेवटच्या दहा मिनिटांत जुनी जखम उघडू नका. खोलीतून बाहेर पडताना दार असतं, जिना असतो, सावरायला थोडा वेळ मिळतो. इथे बोलणं संपतं आणि तुम्ही थेट गर्दीत असता.

फोन बंद ठेवा. गप्प चालण्याला घाबरू नका. शेजारी चालताना शांतता तितकी टोचत नाही.

पॅनिकचा, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा त्रास असणाऱ्यांची एक अडचण वेगळी. चालल्याने छाती धडधडते, घाम येतो, आणि झटका येतोय असं वाटून माणूस सेशन अर्ध्यात सोडतो. न सोडता तिथल्या तिथे सांगा. धडधड म्हणजे धोका नव्हे, हे शिकायला याहून चांगली जागा नाही. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. लिथियम हे मनाची टोकाची चढउतार आवरणारं औषध घेणाऱ्यांनी खूप घाम गाळला आणि पाणी कमी प्यायलं, तर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. भास-भ्रमांवरच्या काही (अँटिसायकोटिक) औषधांमुळे ऊन सोसत नाही.

जीव द्यायचे विचार येत असतील तर फिरायला जायची वाट बघू नका. तातडीने मदत घ्या.

राहता राहिला पाऊस. त्या दिवशी खोलीत बसायचं, फोनवर बोलायचं की छत्री घेऊन निघायचं, हे पहिल्या सेशनलाच ठरवा. 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हटलं की ढग दिसताच सेशन रद्द होतं, आणि ढग पुढच्या आठवड्यातही असतातच.