टी-सेल रिसेप्टर भलतीकडे तर चिकटत नाही ना? लॅपटॉपवर असं तपासा

नांदेडला एम.एस्सी. बायोटेकच्या मुलांना मी इम्युनोइन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे संगणकावरून रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास, शिकवते. प्रोजेक्टला टी-सेल रिसेप्टर (टी-सेल या रोगप्रतिकारक पेशीवरचा, पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा ओळखणारा रेणू) घेतला की पोरं एकच विचारतात, मॅडम, हा कॅन्सरच्या पेप्टाइडला चिकटेल का? मी म्हणते, आणखी कशाकशाला चिकटेल ते आधी शोधा.

2013 साली प्रसिद्ध झालेलं एक प्रकरण प्रत्येकानं वाचावं. मेज-ए3 या कॅन्सर-प्रथिनावर नेम धरणारा रिसेप्टर प्रयोगशाळेत बदल करून जास्त घट्ट चिकटणारा केला होता. तो बसवलेल्या टी-सेल दिलेले दोन रुग्ण काही दिवसांत हृदय बंद पडून गेले. रिसेप्टर हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनालाही ओळखत होता. आधीच्या चाचण्यांत हे दिसलं नाही, नंतर धडधडणाऱ्या हृदयपेशी वाढवून तपासल्या तेव्हा कळलं.

दोन्ही पेप्टाइडं वहीत एकाखाली एक लिहा (प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल):

ई व्ही डी पी आय जी एच एल वाय (मेज-ए3)
ई एस डी पी आय व्ही ए क्यू वाय (टायटिन)

नऊपैकी पाच जागा तंतोतंत सारख्या. बाकीच्या चार वेगळ्या, म्हणून ब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या साधनानं नुसतं साम्य शोधलं तर अशी जोडी सहज निसटते.

म्हणून अ‍ॅलनिन स्कॅनपासून सुरुवात करा. पेप्टाइडची एकेक जागा साध्या अमिनो आम्लानं, म्हणजे अ‍ॅलनिननं बदलायची आणि कुठं बदलल्यावर टी-सेलचा प्रतिसाद मरतो ते बघायचं. हे काम ओल्या, म्हणजे प्रत्यक्ष पेशी आणि रसायनं हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतलं आहे. आपल्याकडं सोय नसेल तर छापून आलेल्या शोधनिबंधातला तक्ता घ्या. इथं टी-सेलच्या प्रतिसादाचा अंदाज सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. प्रशिक्षणात न पाहिलेल्या पेप्टाइडवर ती फार कच्ची पडतात.

मग स्कॅनप्रोसाइट ही प्रथिनांत नमुना शोधणारी वेबसाइट उघडा. महत्त्वाच्या जागा तशाच ठेवा, बाकीच्या जागी एक्स, म्हणजे कुठलंही अमिनो आम्ल. वरच्या उदाहरणात नमुना होतो ई-एक्स-डी-पी-आय-एक्स(3)-वाय. साइटवर तो अर्थात इंग्रजी अक्षरांत भरायचा. स्विस-प्रॉट हा प्रथिनांचा संग्रह निवडा, जीव म्हणून माणूस. जी प्रथिनं निघतील त्यांत टायटिन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पेशीवरच्या एचएलए या प्रथिनानं पेप्टाइड धरलं तरच टी-सेलला ते दिसतं, आणि एचएलए माणसागणिक वेगळा असतो. म्हणून निघालेली पेप्टाइडं नेटएमएचसीपॅन या बांधणीचा अंदाज सांगणाऱ्या साधनात, रिसेप्टर ज्या एचएलएवर चालतो तोच निवडून टाका. इथं ए*01:01. टक्के-रँक 0.5 च्या खाली म्हणजे घट्ट बांधणी, 2 पर्यंत सैल. सैलही यादीतून काढू नका. उरलेली प्रथिनं कोणत्या अवयवात बनतात ते ह्युमन प्रोटीन अ‍ॅटलसवर बघा, हृदय, मेंदू, फुप्फुस आधी. सगळं ब्राउझरमध्ये होतं, त्यामुळं लाइट गेली तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम अडत नाही.

नवा विषय निवडताना मात्र आपल्या माणसांचा एचएलए लक्षात घ्या. 2022 साली अमेरिकेत मंजूर झालेलं टेबेंटाफस्प हे टी-सेल रिसेप्टरवर आधारलेलं कॅन्सरचं औषध फक्त ए*02:01 असलेल्यांनाच चालतं. भारतात ए*02:11 बराच आढळतो, शिवाय ए*11:01, ए*24:02, ए*33:03. हिंगोली-परभणीच्या रुग्णाला उद्या उपयोग व्हावा असं वाटत असेल तर व्हीडीजेडीबी या टी-सेल रिसेप्टरांच्या डेटाबेसवर या एचएलएंचा फिल्टर लावून बघा. प्रत्येक नोंदीला 0 ते 3 असा विश्वासाचा गुण असतो. 0 वाल्या बाजूला ठेवा आणि उरलेल्यांतून रिसेप्टर निवडा.