बॅडलँड्सला निघण्यापूर्वी

अमेरिकेतील साउथ डकोटाच्या पश्चिमेला असलेल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात जाताना केवळ महिना पाहून सामान भरू नये. समुद्रापासून फार दूर असलेल्या या गवताळ प्रदेशात उत्तरेची ध्रुवीय हवा आणि मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा यांना अडवणारी पर्वतरांग नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात उणे ३० च्याही खाली उतरू शकतो. याच राज्यातील स्पिअरफिश गावी २२ जानेवारी १९४३ रोजी चिनूक या डोंगरउतारावरून येणाऱ्या उबदार, कोरड्या वाऱ्यामुळे तापमान दोन मिनिटांत उणे २० वरून ७ अंशांवर पोहोचले होते. म्हणून एकच जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक घालता आणि काढता येतील असे कपडे, कानटोपी आणि वारा अडवणारे जाकीट मे महिन्यातही जवळ असावे.

उन्हाळ्यात पाण्याचा हिशोब आधी करावा. पायवाटांवर सावली जवळजवळ नसते आणि कोरड्या वाऱ्यात घाम चटकन वाळत असल्याने शरीरातले पाणी किती गेले हे ध्यानात येत नाही. ओढ्यांचे पाणी इतके गढूळ असते की गाळणीही तुंबते, म्हणून दिवसभराचे सगळे पाणी बरोबरच न्यावे.

वर्षाकाठी जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडत असला, तरी त्याचा मोठा वाटा मे-जूनमध्ये, बहुधा गडगडाटी वादळांतून येतो. इथल्या टेकड्यांच्या मातीत बेंटोनाइट (पाणी शोषून फुगणारी चिकणमाती) असल्यामुळे ती भिजली की पाय ठरत नाही; चांगल्या पकडीचे बूट तर हवेतच, पण पाऊस पडून गेल्यावर उतारावर चढण्याचा बेत सरळ रद्द करणे अधिक शहाणपणाचे. छत्री घरीच ठेवावी, तिथल्या वाऱ्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. विजा दिसताच कड्यावरून उतरून गाडीत बसावे. गारांनाही कमी लेखू नये: उद्यानाच्या पूर्वेकडील व्हिव्हियन येथे २३ जुलै २०१० रोजी पडलेल्या एका गारेचा व्यास सुमारे २० सेंटिमीटर होता.

ऑक्टोबरपासून मात्र गाडीची तयारी महत्त्वाची ठरते. २०१३ साली ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आलेल्या हिमवादळात या भागातील हजारो गुरे दगावली होती. इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, आणि घोंगड्या, फावडे, विजेरी व कोरडा खाऊ डिकीत ठेवावा. बर्फात अडकल्यास गाडी सोडून चालत निघू नये, आणि हीटरसाठी इंजिन सुरू करण्यापूर्वी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसल्याने नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, आणि रस्ते खुले आहेत का हे ५११ या क्रमांकावर निघण्यापूर्वीच विचारावे.