पिग्मेंट्सने कोड रंगवताय? या चुका टाळा

पिग्मेंट्स हे पायथनमधलं छोटं साधन 2006 पासून आहे. 'पिग्मेंटाइझ' एवढी एक कमांड दिली की कोडची रंगीत एचटीएमएल (वेबपान) किंवा लाटेक (छपाईची मांडणी) फाइल तयार. नवीन मंडळी मात्र मदतपान उघडायच्या आधी थीम निवडत बसतात, आणि फसतात तीही तिथेच.

मोनोकाय ही थीम कागदावर छापू नका. आमच्याकडे एका मुलाने ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टचं, परिशिष्ट मोनोकायमध्ये छापलं आणि न बघताच सोनेरी अक्षरांत बाइंडिंगही करून आणलं. एक्स्टर्नल परीक्षकांनी पान उघडलं, तर त्यावर बरोबरची चिन्हं आणि करड्या कॉमेंट्स. "कोड कुठाय?" कोड होता, पण पांढऱ्यावर पांढरा. ही थीम गडद पार्श्वभूमीसाठी आहे, त्यामुळे व्हेरिएबलची नावं जवळजवळ पांढरी असतात. आणि ब्राउझर छापताना पार्श्वभूमी आपणहून गाळतो. 'बॅकग्राउंड ग्राफिक्स'वर टिक केली तर अख्खं पान काळं येतं आणि झेरॉक्सवाला तुमच्याकडे बघत राहतो. कागदासाठी मी डोळे मिटून 'बीडब्ल्यू' (ब्लॅक अँड व्हाइट) स्टाइल देतो. ठळक आणि तिरकी अक्षरं, बस. कुणाला ती कंटाळवाणी वाटली तर वाटो.

"रंगच येत नाहीत" ही रोजची तक्रार. 'फुल' हा ऑप्शन दिला नाही तर फक्त एचटीएमएलचा तुकडा मिळतो. त्यात क्लासची नावं असतात, त्यांना रंग देणारं सीएसएस नसतं. ते कॅपिटल एस ऑप्शनने वेगळं काढा, नाहीतर सरळ 'फुल' द्या. ईमेलसाठी 'नोक्लासेस', म्हणजे रंग थेट एचटीएमएलमध्येच लिहिले जातात.

लाइन नंबर मूळ फाइलशी जुळत नाहीत? फाइलच्या सुरुवातीच्या रिकाम्या ओळी पिग्मेंट्स गुपचूप काढून टाकतं. 'स्ट्रिपएनएल' फॉल्स करा. रिव्ह्यूमध्ये "ओळ 42 बघा" म्हटल्यावर दोघं दोन वेगळ्या ओळींवर भांडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

वाचणारा कोड कॉपी करणार असेल तर नंबर 'टेबल' प्रकारात द्या. 'इनलाइन'मध्ये आकडेही सोबत येतात.

कोडच्या फाइलला डॉट टीएक्सटी नाव देऊन वर रंग मागू नका. नाव बदलायचं नसेल तर स्मॉल एलने भाषा सांगा. स्मॉल जी दिलं तर ते मजकुरावरून अंदाज बांधतं, आणि चार ओळींच्या तुकड्यावर तो अंदाज कसला बरोबर येतोय.